घरमालकाची संमती पुरेशी नाही

घरमालकाने लेखी संमती दिली की भिंतीवर प्रचारफलक लावता येतो, हे या चर्चेत मांडलेले मत मला अपुरे वाटते. संमती हवीच, परंतु महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ व २४५ नुसार आयुक्तांची लेखी परवानगीही लागते, आणि सात रस्ता असो वा कन्ना चौक, जागा खासगी आहे एवढ्यावरून सोलापुरातला फलक त्यातून सुटत नाही.

फलक हटवण्याच्या मुदतींचा उल्लेख मात्र या चर्चेत कोणीच केलेला नाही. लोकसभा किंवा विधानसभा निवडणूक जाहीर झाल्यावर निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे सरकारी इमारतींवरचे राजकीय फलक २४ तासांत, विजेचे खांब, पूल, बसथांबे अशा सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे विनापरवाना फलक ७२ तासांत हटवावे लागतात. म्हणून तक्रार करताना फलक नेमका कोणाच्या जागेवर आहे, हे छायाचित्रासह अवश्य नोंदवावे.