धड ना प्रोग्रामर, धड ना मुनीम?

खाडीपलीकडची: काल देवगडकर काकांनी या ग्रुपवर टाकलं होतं, "कॉम्प्युटर सायन्स आणि बिझनेस इन्फर्मेशन सिस्टीम्स एकत्र शिकवणारं मास्टर्स म्हणजे सोलकढीत साखर. पोरगं धड कोड लिहीत नाही, धड ताळेबंद वाचत नाही." मी तीच डिग्री घेतलीय, म्हणून लांब लिहिते. पहिल्या नोकरीत एका हुशार पोराने बिल रद्द करायचं बटण केलं. दाबलं की डेटाबेसमधली ओळच डिलीट! कोड स्वच्छ. ऑडिटर आला तर बिलांच्या नंबरांत भोकंच भोकं. चढवलेली नोंद पुसत नाहीत, उलटी नोंद करतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जर्मनीत कॉम्प्युटर आणि धंदा जोडणाऱ्या या विषयाची स्वतंत्र शाखा आहे. कंपन्यांचे हिशोब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणारी सॅप कंपनी तिथलीच, १९७२ साली आयबीएम सोडलेल्या ५ जणांनी काढलेली.

देवगडकर: उलटी नोंद आमच्या सोसायटीचा सचिवही सांगेल, बारावी नापास आहे. आपल्याकडचं एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सचं मास्टर्स, ३ वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून २ वर्षांचं केलं. त्यात डेटाबेस, नेटवर्क, वर फायनान्स, मार्केटिंग. लोणच्याएवढं वाढायचं नि जेवण म्हणायचं! माझा पुतण्या तेच शिकला. आंब्याच्या हिशोबाचा प्रोग्राम केलान. १५० पेट्या वाशीच्या बाजारात दलालाकडे गेल्या, पट्टी, म्हणजे त्याचा विक्रीचा हिशोब, आली १४१ ची. ९ डागी म्हणून वजा. प्रोग्राम म्हणतो दीडशे विकल्या!

राजापूरकर: डागी? आमच्याही दरवर्षी डागी! हमाली, भाडं, कमिशन, आणि खाली एक आकडा, जो कोणालाच वाचता येत नाही. फोन केला की "शेठ बाहेर गेलेत".

वेंगुर्ल्याची सून: मोहोर यायच्या आधी त्याच शेठकडून उचल कोण घेतं? पैसे आधी खाल्ले की भाव विचारायला तोंड राहत नाही.

राजापूरकर: तुम्ही काजूवाले. आंब्यात नका पडू.

वेंगुर्ल्याची सून: सासऱ्यांनी ७० कलमं लावलीत हापूसची. फवारणीचा पंप मी मारते. तुम्ही मुंबईहून मे महिन्यात येता, ते आंबे खायला.

राजापूरकर: वैयक्तिक जायचं कारण नाही!!

चाकरमानी: डिगरीचा काय झाला रे? हयसर आंब्याचीच गजाल चल्ली हा.

खाडीपलीकडची: पेट्यांवरूनच येते. काका, पेटी गाडीत चढली म्हणजे विकली गेली नाही. दलालाकडे पाठवलेला माल विकेपर्यंत तुमचाच. पाठवणी वेगळी, विक्री वेगळी, नाकारलेली पेटी तिसरीच. पुतण्याने गाडी सुटताच विक्री धरली असणार, सगळं एकाच टेबलात कोंबून. कोडिंग चुकलं नाही, धंदा कळला नाही.

देवगडकर: म्हणजे डिग्री घेऊनही कळला नाही. माझंच म्हणणं झालं की!

खाडीपलीकडची: कन्साइनमेंटचा, म्हणजे असा दलालाकडे विकायला पाठवलेल्या मालाच्या हिशोबाचा धडा सगळे ऑप्शनला टाकतात. मीही टाकला होता, नोकरीत बोलणी खाऊन शिकले. झालं समाधान?

देवगडकर: अर्धं. पुतण्याला तुमचं दाखवलं, सकाळपासून टेबलं मोडतोय, जेवायलाही उठला नाही. हुशार आहात, मान्य. आता त्या ९ पेट्या नक्की कोणी खाल्ल्या, त्यासाठीही एक रकाना सुचवा.