नगरसेवकपद: विधानसभेची पायरी की स्वतंत्र कारकीर्द?

प्रश्न (प्रभागवासी)

महाराष्ट्रातील महापालिकांच्या राजकारणाविषयी मला एक शंका आहे. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये नागपूरचे नगरसेवक आणि 1997 मध्ये महापौर झाले, तर मनोहर जोशी 1976 मध्ये मुंबईचे महापौर आणि 1995 मध्ये मुख्यमंत्री झाले. अशी उदाहरणे पाहिली की नगरसेवकपद हे केवळ वर जाण्यासाठीच असते, असे वाटू लागते. परंतु एखाद्याला महापालिकेतच राहून, शहराच्या पाणी, कचरा आणि रस्त्यांच्या प्रश्नांवर पंधरा-वीस वर्षे काम करायचे असेल, तर आपली व्यवस्था त्याला तशी संधी देते का? आणि त्याने महापौरपदाची आकांक्षा धरावी की स्थायी समितीची?

प्रतिसाद 1 (सभागृह निरीक्षक)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय स्थायी समिती हे आहे. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, पाहुण्यांचे स्वागत करतात आणि अडीच वर्षांनी पायउतार होतात. शिवाय ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव असेल, हे राज्य शासनाच्या सोडतीवर ठरते. कार्यकारी अधिकार 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यानुसार आणि इतर शहरांसाठीच्या 1949 च्या कायद्यानुसारही आयुक्तांकडे असतात, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. त्यामुळे आपल्या महापौरांची तुलना परदेशातील थेट निवडून आलेल्या, प्रशासन चालवणाऱ्या महापौरांशी करण्यात अर्थ नाही. याउलट, आयुक्तांच्या खर्चाच्या मर्यादेपलीकडील निविदा आणि अंदाजपत्रक आधी स्थायी समितीपुढे येते. 1949 च्या कायद्याखालील महापालिकांत या समितीचे 16 सदस्य असतात आणि त्यांतील निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. म्हणजे तिथेही मुक्काम थोडाच, पण त्या काळात विषयपत्रिका आणि अंदाजपत्रकातील लेखाशीर्षे नीट वाचायला शिकलेला सदस्य पुढे समितीबाहेर असला तरी सभागृहात प्रशासनाला अडचणीचे प्रश्न विचारू शकतो. दुर्दैवाने बहुतेकांचे लक्ष ‘स’ यादीतल्या, म्हणजे नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या, कामांपुरते, म्हणजे बाक, कमानी आणि पुन्हा उखडून बसवलेले पेव्हर ब्लॉक यांच्यापुरते राहते.

प्रतिसाद 2 (सोडतीची वाट पाहणारा)

वीस वर्षांचा विचार करण्याआधी आरक्षणाचा विचार करावा लागेल. 74 व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये ते प्रमाण 50 टक्के केले. हे आवश्यकच होते, आणि त्यामुळे अनेक सक्षम महिला सभागृहात आल्या. मात्र आरक्षण चक्राकार असल्याने, चांगले काम करूनही आपला प्रभाग पुढच्या खेपेस आपल्यासाठी खुला राहील याची खात्री कोणालाच, निवडून आलेल्या महिलेलाही, देता येत नाही. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जात असल्याने हा फटका थेट बसतो. बहुसदस्यीय प्रभाग असलेल्या शहरांत त्याच प्रभागातील दुसऱ्या जागेवर सरकण्याची सोय असते. म्हणूनच प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की घरातील सदस्याला उभे करून कारभार स्वतःकडे ठेवण्याची वाईट प्रथा पडली. राखीव जागेवर निवडून येऊनही जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न केल्याने पद गमावलेले नगरसेवकही कमी नाहीत.

प्रतिसाद 3 (गोरेगावकर)

वरील दोन्ही प्रतिसाद कायद्याच्या चौकटीत अचूक आहेत, तरीही त्यांत एक गोष्ट सुटली आहे. मृणाल गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, तेव्हा त्यांच्या हाती सत्ता नव्हती. त्या विरोधी बाकांवरच्या समाजवादी होत्या. गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात मांडला आणि त्याच वेळी बायकांना संघटित करून रस्त्यावरही आणला, म्हणून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पुढे त्या 1972 मध्ये आमदार आणि 1977 मध्ये खासदार झाल्या, परंतु त्यांची ओळख महापालिकेतल्या त्या कामावरच उभी राहिली. अशा कारकिर्दीला पायरी म्हणावे, हे मला पटत नाही. समित्यांवरील वर्णी पक्षाचा गटनेता ठरवतो. नागरिकांशी असलेले नाते मात्र त्याच्या मर्जीवर अवलंबून नसते.

प्रश्नकर्त्याची पुरवणी (प्रभागवासी)

आभार. मग मार्च 2022 नंतर मुंबई-पुण्यात प्रशासक होते, त्या काळात या नात्याचे काय झाले? पद नसताना माजी नगरसेवकाचे प्रशासनात कोण ऐकत होते?

प्रतिसाद 4 (सभागृह निरीक्षक)

ज्यांना खात्यातील कनिष्ठ अभियंता नावाने ओळखत होता, त्यांची कामे होत राहिली. इतरांची पत्रे आवक-जावक विभागात पडून राहिली. जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत अंदाजपत्रक निवडून आलेल्या सभागृहाविनाच मंजूर होत होते आणि निविदांवर जाहीर चर्चा होत नव्हती. या खंडाचे सर्वांत मोठे नुकसान 2017 मध्ये प्रथमच निवडून आलेल्यांचे झाले, असे माझे मत आहे. त्यांची एक मुदत नुकतीच शिकून संपली होती, आणि दुसरी मिळेपर्यंत प्रभागांचे आरक्षण तर बदललेच, त्यांच्यातील अनेकांचे पक्षही फुटले होते.