अस्वस्थ माणसाला एकदम संथ संगीत नको

शांत करणाऱ्या संगीताच्या ॲपमध्ये मनःस्थिती म्हणून ‘अस्वस्थ’ निवडलं की लगेच संथ बासरी लागावी, ही सूचना मला पटत नाही. जीव कासावीस झालेला असताना असे सूर उलट टोचतात. संगीतोपचारात आयसो तत्त्व म्हणून एक पद्धत आहे: आधी ऐकणाऱ्याच्या आत्ताच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत लावायचं, मग लय टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायची. ॲपमधली यादी अशीच रचायला हवी.

शास्त्रीय संगीत घेणार असाल तर अख्खं रेकॉर्डिंग टाकू नका. दरबारी रागाचा संथ आलाप ऐकता ऐकता डोळा लागतो न लागतो तोच द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश सुरू होते, तबला चढतो आणि झोपेचं खोबरं होतं. आलापाचा भाग वेगळा काढा, तिथेच आवाज हळूहळू विरू द्या. हे काम राग कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, नुसत्या अल्गोरिदमला ते जमायचं नाही.

आणि रात्री २ वाजता फोन हातात घेणाऱ्याला प्रश्नावली कसली भरायला लावता? काळा पडदा आणि एक मोठं बटण पुरे. मध्येच कर्कश जाहिरात तर अजिबात नको, त्यापेक्षा सरळ वर्गणी घ्या.