भारत विरुद्ध जर्मनी: अकरावी-बारावीवरचा सरकारी खर्च कंपेअर कसा करायचा?

नंदुरबारी_मिरची:
एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या सेमला आहे, प्रोजेक्टला विषय घेतलाय भारत आणि जर्मनीचा अकरावी-बारावीवरचा सरकारी खर्च. जर्मनीचा दर विद्यार्थी आकडा ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) टेबलात आयता मिळाला, आपला मात्र काही केल्या मिळेना, राज्याच्या बजेटमध्ये सेकंडरी म्हणून एकच रक्कम आणि त्यात नववी-दहावी पण आली. सरळ निम्मी करून टाकू का? आणि रुपयाचे डॉलर आजच्या रेटने केले तर चालतील का? गाईडला विचारलं तर म्हणे तूच शोध.

पेन्शनर_कोषागार:
निम्मी अजिबात करू नका. राज्याच्या बजेटमध्ये २२०२ या हेडखाली (सामान्य शिक्षणाचं खातं) ०२ म्हणजे माध्यमिक, ज्युनियर कॉलेजच्या अनुदानित शिक्षकांचे पगार बहुतेक तिथेच. पण दहावीनंतरची सगळी पोरं तिथे नाहीत ना! आयटीआयचा खर्च २२३० मध्ये, पॉलिटेक्निकचा २२०३ मध्ये, आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा, ज्यात काही ठिकाणी बारावीपर्यंत वर्ग आहेत, त्या २२२५ मध्ये. तुम्ही नंदुरबारचे, तुम्हाला आश्रमशाळा वगळून हिशोब कसा पटेल? वर विनाअनुदानित तुकड्या. तिथे मुलं यूडायसमध्ये (सरकारची शाळांची वार्षिक नोंद) मोजली जातात पण सरकार पगार देत नाही, म्हणजे भागायचं किती मुलांनी हे आधी ठरवा. केंद्राचं 'अ‍ॅनालिसिस ऑफ बजेटेड एक्स्पेंडिचर ऑन एज्युकेशन' काढून बघा, शिक्षण खात्याबाहेरच्या खात्यांचा शिक्षणावरचा खर्च त्यात मिळतो.

श्टुटगार्टचा_सांगलीकर:
जर्मनीचा आयता आकडा पण तितका आयता नाहीये भावा. इथं दहावीनंतर खूप पोरं गिम्नाझियममध्ये (युनिव्हर्सिटीकडं नेणारी शाळा) न राहता आउसबिल्डुंगला जातात, म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम आणि एक-दोन दिवस बेरूफ्सशूलं, म्हणजे व्यवसाय शिक्षणाची शाळा. शाळेच्या शिक्षकाचा पगार राज्य देतं, इमारतीचा खर्च नगरपालिका नाहीतर जिल्हा, आणि पोराला दर महिन्याला जो भत्ता मिळतो तो कंपनी देते. २०२० पासून त्याला किमान मर्यादा आहे, २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिन्याला ६८२ युरो. आता हा पैसा सरकारी खर्च नव्हे, पण शिक्षणावरचा खर्च तर आहेच, म्हणून टेबलातला 'टोटल' कॉलम उचललास तर कंपन्यांचे पैसे सरकारच्या नावावर पडतील. सरकारी आणि खाजगी वेगळं दाखवलेलं टेबल घे.
शिवाय इथं शिक्षण केंद्राकडं नाही, १६ राज्यांकडं आहे, त्यामुळं फेडरल बजेट उघडून बसू नकोस, वेळ जाईल.

अण्णा_बारामती:
कशाला एवढा खटाटोप, त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, संपला प्रोजेक्ट 😄 कोठारी आयोगाने देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं त्याला साठ वर्षं होत आली, २०२० च्या धोरणात परत तेच ६ टक्के.

कोकणी_फणस:
अण्णा, ६ टक्के जर्मनी पण करत नाही हो, तरी दर मुलामागे त्यांचा खर्च कितीतरी जास्त, कारण जीडीपी मोठा आणि लोकसंख्येत पोरं कमी. आपल्याकडे तेवढेच टक्के काढले तरी वाटेकरी जास्त.
@नंदुरबारी_मिरची, डॉलर बाजारभावाने अजिबात करू नकोस ताई. ह्या खर्चात मोठा वाटा पगाराचा, आणि शिक्षकाचा पगार डॉलरमध्ये ठरत नाही ना. ओईसीडीचे आकडे पीपीपीवर (त्या त्या देशातल्या किमती धरून काढलेला दर) असतात, मग आपलेही पीपीपीवर घे. मला विचारशील तर त्याहून सोपं म्हणजे दर विद्यार्थी खर्च भागिले दरडोई जीडीपी, दोन्ही देशांचं आपापल्या चलनात, चलनाचं भांडणच मिटतं. वर्ल्ड बँकेकडे असा इंडिकेटर आहे पण तो अख्ख्या सेकंडरीचा, म्हणजे सहावीपासून सगळं आलं, तो जसाच्या तसा वापरू नकोस. आणि क्लासच्या फिया सरकारी खर्चात येत नाहीत, त्यासाठी २०१७-१८ चा एनएसएसचा (सरकारचा राष्ट्रीय नमुना सर्व्हे) ७५ वा राउंड बघ, निदान एक परिच्छेद तरी टाक त्यावर.

नंदुरबारी_मिरची:
थँक्यू सगळ्यांना 🙏 मग भारत पूर्ण न घेता फक्त महाराष्ट्र घेते आणि समोर श्टुटगार्ट ज्यात येतं ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग, राज्याला राज्य. सांगलीकर दादा, तिथल्या राज्याच्या बजेटमध्ये बेरूफ्सशूलंचा हेड वेगळा असतो का? जर्मन येत नाही मला, पानाचा फोटो टाकलात तरी चालेल.

श्टुटगार्टचा_सांगलीकर:
शनिवारी बघून सांगतो. तोवर २२२५ चं काम उरकून घे.