अंगावरची यंत्रं: घेतल्यावर घरात काय झालं?

ओट्याजवळची

मुलाने पन्नाशीला मनगटावर बांधायचा पट्टा दिला. पहिल्याच संध्याकाळी चोवीस पोळ्या लाटून झाल्या आणि पट्टा थरथरला, आणखी पाचशे पावलं झाली म्हणे! मी ओट्यापासून हललेही नव्हते. दुसऱ्या दिवशी मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन आले, तर पावलं जेमतेम. हात हलला नाही म्हणजे बाई चाललीच नाही. आता पिशव्या उजव्या हातात, पट्ट्याचा डावा मोकळा. त्याला माझी सवय व्हायची, ती मलाच त्याची झाली.

घड्याळ, अंगठी, दंडावरची चकती, कानातलं यंत्र, काहीही चालेल. 'कुठलं घेऊ' हे इथे नको, घेतल्यावरचं लिहा.

हळूहळू चाला

दहा हजार पावलांचा धाक घेऊ नका. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमोजणी यंत्र काढलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. टोकियो ऑलिम्पिक आदल्याच वर्षी झालं होतं, चालण्याची हवा होती. नावातला गोल आकडा पुढे सगळ्या जगाच्या मानगुटीवर बसला. खुब्याच्या ऑपरेशननंतर माझं उद्दिष्ट ४,०००. घड्याळाला तसं सांगता येतं, सांगा.

गोडघाशा

मधुमेह बारा वर्षं. डॉक्टरांनी साखर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावायला सांगितला. दंडाच्या मागे कोटाच्या बटणाहून मोठी चकती, तिची केसासारखी तार कातडीखाली. पहिले चार दिवस मी जेवत नव्हतो, परीक्षा देत होतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि तासाभरात २४१! इतकी वर्षं 'उपास आहे' म्हणून स्वतःला सूट देत होतो. ज्वारीची भाकरी-मेथी १६० च्या आत राहिली. भाकरीवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये, तिसरी भाकरी घेतली त्या दिवशी आलेख तसाच चढला. जेवून वीस मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारल्या की मात्र चढण बोथट होते. हे नुसतं ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं तेव्हा पटलं.

एका रात्री अडीचला गजर झाला, ५८! बायको साखरेचा डबा घेऊन उभी. मी आधी बोट टोचलं, तर ११२. त्याच दंडावर झोपलो होतो, चकतीवर दाब पडला की ती उगीच कमी दाखवते. शिवाय ती रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजते, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो. लावणाऱ्याने हे आधी सांगितलं असतं तर एक रात्र झोप तरी मिळाली असती. तेव्हापासून डबा उशाशी. तो मुंग्यांना सापडला.

पारावरचा

आजोबांचं कानाचं यंत्र मोबाईलला जोडून दिलं, फोन थेट कानात. पारायणाला बसलेले असताना मध्येच मोठ्याने, "सिलिंडर आला का?" सगळी मंडळी चाट.

गोठेवाला

आमच्यात माणसाला नाही, गायींना आहे. चालेल ना? अकरा संकरित गायी. मानेतला पट्टा हालचाल आणि रवंथ मोजतो. गाय माजावर आली, म्हणजे गाभण राहायला तयार झाली, की फिरणं वाढतं, रवंथ कमी होते, आणि मोबाईलवर सूचना येते. माज साधारण १२ ते १८ तास, तोही बऱ्याचदा रात्रीचा. हुकला की २१ दिवस बसा, तोवर पेंड चालूच. पट्टा बांधल्यापासून रात्री उठून गोठ्यात बॅटरी मारणं थांबलं.

आई मात्र पट्ट्याला मानत नाही. ती सकाळी सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसतो का बघते, गाय दुसरीवर उडते का बघते. एकदा पट्टा म्हणाला माज आहे. आई म्हणाली, "काही नाही, गोमाश्या वाढल्यात, मान झटकतीय." डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी हात घालून तपासलं, आईचं खरं निघालं. पुढच्याच महिन्यात उलट झालं, पण ते ती कुणाला सांगत नाही. आता एक पट्टा म्हशीला बांधून बघणार आहे, कारण तिचा मुका, बाहेरून न दिसणारा माज आईलाही चकवतो.

टिपरू

ढोलपथकाच्या सरावाला घड्याळ घालून गेलो. आधी 'आवाज फार आहे', मग 'तुम्ही पडलात का?' ठोका त्याला धडपड वाटला. आता घड्याळ पिशवीत, कानांत बोळे.

गोडघाशाची बायको

डबा मुंग्यांना सापडला नाही, यांनी उघडा ठेवला होता. आणि २४१ चं पाप एकट्या खिचडीच्या माथी नको. तिच्यानंतर दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू झाला होता, ते चकतीला कळलं, इथे लिहायचं राहिलं.