काटा कशाने येतो, कानाने की डोळ्याने?

रातकिडा (धागा)

रहस्यपटाचा विषय निघाला की आपण कॅमेऱ्याची वाखाणणी करतो, आणि ध्वनीला श्रेय द्यायची वेळ आलीच तर पार्श्वसंगीतापाशी थांबतो. माझे म्हणणे असे की प्रेक्षकाला खुर्चीला खिळवतो तो ध्वनीच, आणि तोही बहुतेक वेळा संगीताविना. कोएन बंधूंच्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) मधला हॉटेलचा प्रसंग घ्या. पैशांची बॅग घेऊन पळालेल्या मॉसला नोटांच्या पुडक्यात दडवलेले, आपला माग देणारे यंत्र नुकतेच सापडले आहे. बाहेर कसलीशी चाहूल लागते म्हणून तो खालच्या काउंटरला फोन लावतो. घंटा रिसीव्हरमध्ये वाजते, आणि तीच घंटा खालच्या मजल्यावरून पुसटशी खोलीतही ऐकू येते. फोन कोणी उचलत नाही. खाली काय झाले असेल, हे ना कोणी सांगते ना दाखवते. मग पावले, आणि माग काढणाऱ्या यंत्राची जवळ येत, जलद होत जाणारी टिकटिक. मी हा प्रसंग एकदा डोळे मिटून ऐकला आणि एकदा आवाज बंद करून पाहिला. पहिल्या खेपेला पोटात गोळा आला. दुसऱ्या खेपेला मांडीवर बंदूक घेऊन पलंगावर बसलेला एक माणूस दिसला, इतकेच.

तिरीप

आवाज बंद करून पाहताना आपली नजर दाराखालच्या फटीकडे गेली नसावी. खोलीत अंधार आहे आणि फटीतून बाहेरच्या दिव्याची एक पट्टी तेवढी आत येते आहे. त्या पट्टीत दोन पावलांच्या सावल्या येऊन थांबतात, आणि निघून जातात. टळले, असे वाटते न वाटते तोच ती पट्टीच विझते. बाहेर कोणीतरी आहे, एवढेच पावलांच्या आवाजाने कळले होते. त्याला अंधार हवा आहे, हे छायालेखक रॉजर डीकिन्स यांच्या प्रकाशयोजनेने सांगितले. मी हा चित्रपट पाहिला तेव्हा शेजारच्या पडद्यावरच्या नाचगाण्याचा ठेका भिंतीतून येत होता आणि आपली ती नाजूक घंटा मला ऐकूही आली नव्हती, तरी पट्टी विझल्यावर मी हातातले पॉपकॉर्न खाली ठेवले होते. हिचकॉकने 'सस्पिशन' (१९४१) मध्ये जिना चढणाऱ्या नायकाच्या हातातल्या दुधाच्या ग्लासात चक्क बल्ब ठेवला होता. अंधाऱ्या जिन्यात तो पांढरा ग्लास तेवढा उजळलेला, आणि त्यात विष आहे की नाही याखेरीज दुसरा विचार प्रेक्षकाला करताच येत नाही. हे कानाने कसे साधणार?

रातकिडा

दुधाचा ग्लास मान्य. परंतु आपली पट्टी आपोआप विझत नाही. बाहेरचा बल्ब फिरवून काढल्याची बारीकशी करकर ऐकू येते. ती ऐकू आली नसती, तर वीज गेली असेच आपल्याकडच्या कोणत्याही प्रेक्षकाला वाटले असते!

मधली रांग

आपण दोघेही साधनांवर भांडत आहात. प्रेक्षकाला काय, कधी आणि कोणाच्या आधी कळते हा मुद्दा राहूनच गेला. हिचकॉकच्याच 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत नाही. शाळेबाहेरच्या बाकावर नायिका सिगारेट ओढत बसली आहे आणि तिच्या पाठीमागे, मुलांच्या खेळण्याच्या लोखंडी सांगाड्यावर, एकेक कावळा येऊन बसतो आहे. आपल्याला ते दिसतात, तिला नाही. नंतर कॅमेरा बराच वेळ तिच्या चेहऱ्यावरच थांबतो आणि मागे किती कावळे जमले असतील याची मोजणी आपण मनातल्या मनात करू लागतो. अखेर उडत आलेल्या एका कावळ्यामागे तिची नजर वळते, तेव्हा अख्खा सांगाडा काळा झालेला असतो. यात प्रकाश दिवसाढवळ्याचा साधा आहे आणि कावळे मुकाट बसलेले आहेत. सगळी करामत संकलनाची, म्हणजे कोणती चौकट आधी आणि कोणती किती वेळ, याची आहे.

तिरीप

कावळे दिसू नयेत म्हणून कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ नेला, हा निर्णय संकलनाच्या टेबलावर झालेला नाही. लांबून घेतलेले चित्रण हाती असते, तर संकलकाने झाकले काय असते?

मधली रांग

हे मात्र खरे. चित्रीकरणाच्या आधीच संकलन डोक्यात असणारा दिग्दर्शक होता, असे म्हणून मी अर्धे पाऊल मागे घेतो, अर्धेच.

रातकिडा

आणि त्या प्रसंगात कावळे मुकाट असले, तरी शाळा मुकाट नाही. आत मुले गाणे म्हणत आहेत, तेच ते पालुपद पुन्हा पुन्हा येणारे, संपता न संपणारे. गाणे संपले की मुले बाहेर सुटणार, हे आपल्याला ठाऊक आहे आणि नायिकाही त्याचीच वाट पाहत बसली आहे. तिला ते लवकर संपायला हवे आहे, आपल्याला मात्र ते संपूच नये असे वाटते. चेहऱ्यावर थांबलेल्या त्या चौकटीचा आवाज एकदा बंद करून पाहा; सिगारेट ओढणारी एक कंटाळलेली बाई उरते.