तुमच्याकडे शकुंतलेचं काय उरलंय? (अनुभव धागा)

धागा काढणारी

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी मूर्तिजापूरला गेले होते. वरात यायला वेळ होता, म्हणून स्टेशनावर चक्कर मारली. मुख्य फलाटावर नागपूर-मुंबईच्या गाड्यांची ये-जा चालूच होती. मी पलीकडे शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या छोट्या नॅरोगेज गाडीच्या, बाजूला गेले. रूळ आहेत, पण तरोटा आणि गाजरगवत बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. खाली बसून दोन रुळांमधलं अंतर वितीनं मोजलं, तर चार वितींना दोन बोटं कमी भरली. एवढ्याशा रुळांवरून मी दहावीपर्यंत दर दिवाळीत मामाकडे अंजनगावला जात होते.

तरुण वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. भुसावळहून नागपूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. पण वऱ्हाडातला कापूस पिकत होता त्याच्या दोन्ही अंगांना, दूरवर. तिथून रुई मूर्तिजापूरला आणायची, मोठ्या गाडीत चढवायची, मुंबई बंदरात न्यायची आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना पाठवायची, यासाठी ही अडीच फुटी नॅरोगेज टाकली गेली. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, तिच्या मालकीची ही लाईन. मूर्तिजापूरपासून एक फाटा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे एकत्र आल्या, ही मात्र कंपनीच्या नावावरच राहिली. मार्ग कंपनीचा, गाडी आणि माणसं रेल्वेची, असा तो कारभार होता.

२०१० नंतरच्या दशकात दोन्ही बाजूंच्या गाड्या एकेक करून थांबल्या. २०१६ मध्ये ब्रॉडगेजसाठी १५०० कोटींना मंजुरी मिळाली. ब्रॉडगेज यायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती येईल तेव्हा हे रूळ, हे बुटके फलाट, ही खोलीएवढी स्टेशनं निघून जातील. म्हणून आत्ताच विचारते: तुमच्याकडे शकुंतलेचं काय उरलंय? तिकीट असेल, लोखंडाचा तुकडा असेल, नाहीतर नुसती आठवण. जे असेल ते लिहा.

मूर्तिजापूर, सध्या नागपूर

आमच्या घरी एक लोखंडी आकडा आहे, हमालाचा.

माझे आबाजी मूर्तिजापूर स्टेशनावर हमाल होते. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे काय करावं लागे, हे फक्त हमालाच्या घरी माहीत असतं. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अंजनगाव इथून आलेली रुईची प्रत्येक गठाण छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायची. प्रेसमधून आलेली पक्की गठाण पावणेदोनशे किलोच्या घरात. वर लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. ती हातानं धरता येत नाही, म्हणून आकडा. तो तागाच्या कापडात रुतवायचा, गठाण आपल्याकडे झुकवायची, आणि ती पडायच्या आत दुसऱ्यानं खालून रेटा द्यायचा. दोघांचा दम एकाच वेळी लागला पाहिजे. आबाजी म्हणत, "जोडीदार खोकलला तरी पाय गेला समज."

त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं अशीच गेली होती. हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा तो उन्हाळ्यापर्यंत. त्या दिवसांत ते घरी आले की अंगभर कापसाची तूस असायची. आजी त्यांना अंगणातच थांबवून आधी अंग झाडायला लावायची, मग पाणी द्यायची.

वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासात कंपनीचं नाव येतं, मँचेस्टर येतं, इंजिन येतं. मूर्तिजापूरच्या त्या अदलाबदलीच्या फलाटाबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून लिहिलं.

पथ्रोटची लेक, दर्यापूरची सून

ताई, अंजनगावचं नाव वाचलं आणि पानमळ्यांचा वास आला. अंजनगावला पानांच्या करंड्या चढायच्या, ओल्या फडक्यानं झाकलेल्या. खाली बसलेल्यांच्या लुगड्यावर पाणी गळायचं, पण कुणी तक्रार करत नसे.

माझं लग्न १९७९ चं. पहिल्या पंचमीला माझा भाऊ मुऱ्हाळी म्हणून, माहेरी न्यायला आला. आमचं स्टेशन बनोसा, म्हणजे दर्यापूरच. सासूबाईंनी शिदोरी बांधून दिली, त्यात वेळ गेला. आम्ही निघालो तर गाडी उभी, आणि आम्ही अजून गल्लीच्या तोंडाशी. भाऊ पळाला. मला पळता येईना. नवी नवरी, पायात जोडवी, हातात पेटी. गार्डसाहेबांनी लांबूनच हात केला, सावकाश या म्हणून. हिरवी झेंडी त्यांनी काखेत दाबून ठेवली. मी चढले, पेटी ठेवली, तेव्हा विचारलं, "बसल्या का बाई नीट?" आणि मग झेंडी दाखवली.

सासरी येऊन तीन महिने झाले होते. तोवर माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. डब्यात बसल्यावर मला रडू आलं आणि भावाला वाटलं, सासरी त्रास आहे. तसं काही नव्हतं. त्याला मी आजवर हे सांगितलेलं नाही.

तिकीटही तेच गार्ड द्यायचे, कारण बऱ्याच स्टेशनांवर पुढे पुढे कुणी नेमलेलंच नव्हतं. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची, खाली उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा उतरून उघडायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दारातून जाताना दार लावून घ्यावं, तसं ते होतं.

यवतमाळ

माझ्याकडे काही नाही. एकच तिकीट होतं, पुठ्ठ्याचं, लहान. २००५ च्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं त्यात गेलं. कारंजा ते यवतमाळ.

फायरमनचा मुलगा, मूर्तिजापूर

१९९४ चा एप्रिल मला तारखेसकट आठवतो. १५ तारखेला वाफेचं इंजिन थांबलं आणि डिझेल आलं. झेडी वर्गाचं ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि १९२३ पासून आमच्या लाईनवर. सत्तर वर्षं एका लाईनवर ओढलं त्यानं.

बाबा फायरमन. लोकांना वाटतं कोळसा टाकणं म्हणजे नुसतं फावडं मारणं. बाबांनी मला एकदा घरच्या चुलीत दाखवलं होतं. कोळसा मधे ढीग करून टाकला की धूर होतो आणि वाफ पडते. पातळ टाकायचा, कोपऱ्यांना आधी, आणि दर फावड्यानंतर दार लगेच बंद, नाहीतर गार हवा आत जाते. यवतमाळ उंचावर आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा चढाचा. चढ यायच्या बऱ्याच आधीपासून आग तयार करत आणावी लागे. चढावर आल्यावर कोळसा टाकून काही होत नाही, असं ते सांगत. ड्रायव्हर आणि ते बोलत नसत, भोंग्यावर आणि हातवाऱ्यांवर चालायचं.

आणि वांगं! फावडं स्वच्छ धुऊन त्यावर वांगी ठेवायची आणि भट्टीच्या तोंडाशी धरायची. मिनिटात साल काळी. मीठ, हिरवी मिरची, कांदा, भाकर घरची. मी एकदा कारंजापर्यंत इंजिनात बसून गेलो होतो, ते भरीत खाल्लं आहे. नंतर तशी चव कुठे आली नाही, गॅसवर तर नाहीच.

डिझेल आल्यावर बाबांना दुसरं काम मिळालं, पगार तोच होता. पण त्यांचे हात हळूहळू पांढरे होत गेले. नखांच्या कडांची काळी रेघ जायला वर्ष लागलं. आई म्हणाली, आता तुमचे हात सायबासारखे दिसतात. बाबा काही बोलले नाहीत.

माझ्याकडे उरलंय ते त्यांचं डोक्याला बांधायचं फडकं. ठिणग्यांनी बारीक भोकं पडली आहेत त्याला.

आर्वी, जि. वर्धा

आमच्या पुलगाव-आर्वी लाईनलाही या धाग्यात जागा द्या. त्याच कंपनीची, तशीच अडीच फुटी, अवघी ३५ किलोमीटर. सोरटा, रोहणा करत जायची. मोठी शकुंतला सगळ्यांना ठाऊक आहे, आमची विसरतात. रोहण्याच्या बाजाराच्या दिवशी डब्यात बकऱ्या असायच्या आणि कुणाचंच काही म्हणणं नसायचं.

कारंजा (लाड)

सगळ्यांचं वाचलं, डोळे भरून आले, तरी दुसरी बाजूही लिहायला हवी.

माझी बारावीनंतरची एक प्रवेश परीक्षा या गाडीपायी हुकली. मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडायची होती. पोहा आणि भडशिवणीच्या मधे इंजिन बंद पडलं. आजूबाजूला तुरीची शेतं, रस्ता दूर. तीन तास तिथेच. मी पेटी डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत चालत गेलो, एका ट्रकवाल्यानं बसवलं. मूर्तिजापूरला पोचलो तेव्हा गाडी गेलेली होती. वडिलांनी एसटीनं जा म्हटलं होतं. एसटीचे पैसे जास्त म्हणून मीच हट्ट केला. एक वर्ष गेलं.

लोक म्हणतात गाडी हळू होती, म्हणून गोड होती. हळू का होती ते पाहा. रूळ जुने, स्लीपर कुजलेले, खडी वाहून गेलेली, पूल म्हातारे, म्हणून वेगाची मर्यादा उतरत उतरत ताशी वीस किलोमीटरवर आली. मालक एक आणि चालवणारा दुसरा, तर दुरुस्तीवर पैसा कुणी घालायचा? तोवर गावोगावी डांबरी रस्ते झाले, कापूस ट्रकमध्ये गेला. मालगाडी गेली तशी कमाई गेली, आणि मग उरले आम्ही, ज्यांना एसटी परवडत नव्हती. शकुंतला बंद झाली तेव्हा खरं नुकसान त्यांचंच झालं. माझ्या आईला मूर्तिजापूरच्या दवाखान्यात न्यायला आम्ही याच गाडीनं जायचो, ती आडवी होऊन जायची. एसटीत आडवं होता येत नाही.

एवढा राग असूनही माझ्याकडे रुळाचा वीतभर तुकडा आहे. गावातल्या लोहाराकडे ऐरण म्हणून होता, तो वारल्यावर त्याच्या मुलाकडून मागून घेतला.

धागा काढणारी

कारंजाच्या दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आठवणींमध्ये तुमचं वर्षही मोजलं गेलं पाहिजे. आणि आईंचं आडवं होऊन जाणं मी विसरणार नाही.

पुणे (मूळ दारव्हा)

मी गाडीत फक्त एकदा बसलोय, चार वर्षांचा असताना. मला काही आठवत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मित्राला घेऊन मूर्तिजापूर ते कारंजा लाईनवरून चालत गेलो. दोन दिवस लागले.

जे दिसलं ते लिहितो. बरीच शेतं रुळाला भिडली आहेत, एका ठिकाणी दोन रुळांमध्येच हरभरा पेरलेला. शेतकऱ्यानं आम्हाला बांधावरून जायला सांगितलं. छोट्या ओढ्यांवरचे दगडी मोऱ्यांचे पूल भक्कम आहेत, सांध्यात गवताची काडी शिरत नाही. एका स्टेशनाच्या तिकीटखिडकीत कबुतरं. खिडकीचा खालचा दगड पैशांनी आणि कोपरांनी मधे खोलगट झालाय. हात फिरवला की कळतो, नुसता पाहून नाही. सिग्नलच्या एका खांबाच्या बुडाशी गंज खरवडला तर लिव्हरपूल असं इंग्रजीत ओतीव अक्षर निघालं. त्याच खांबाला कुणीतरी म्हैस बांधली होती.

म्हशीवाल्या काकांनी विचारलं, "मोजमाप करून राहिले का? येते का जी गाडी?" आम्ही म्हटलं, नाही, आम्ही असेच आलो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चहाला घरी नेलं, आणि परत निघताना पुन्हा विचारलं, "नक्की नाही ना?"

लाखपुरी

आमच्याकडची एक गोष्ट. पूर्णेला पूर आला की गाडी पुलाच्या अलीकडे उभी राहायची. पाणी उतरेपर्यंत गावातल्या बाया भाकरी करून न्यायच्या, डब्यातल्या लोकांसाठी. माझी आई सांगायची, कुणाच्या घरून किती गेल्या याचा हिशेब नसायचा, पण टोपली कुणाची ते बरोबर ओळखलं जायचं आणि ती रिकामी परत यायची. आमच्या घरी तसली एक टोपली होती, ती आता नाही.

पथ्रोटची लेक, दर्यापूरची सून

लाखपुरीवाल्या, तुमच्या गावची भाकर मी खाल्ली आहे. ८० की ८१ साल असेल. पोटात माझा मोठा मुलगा होता. कळण्याची भाकर आणि ठेचा. तुमच्या आई असतील तर सांगा त्यांना.

लाखपुरी

नाहीत हो काकू. पण वाचून दाखवीन घरात.

धागा काढणारी

मूर्तिजापूरच्या दादा, आबाजींच्या आकड्याचं नीट वर्णन लिहून ठेवाल का? किती लांब, कसा, मूठ कशाची. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे असावं.

मूर्तिजापूर, सध्या नागपूर

काढून आत्ता मोजला. टोकापासून मुठीपर्यंत अकरा इंच. लोखंड करंगळीएवढं जाड, टोक अजून धारदार आहे, म्हणून कापडात गुंडाळून ठेवतो. मूठ लाकडी, आडवी. एका बाजूनं झिजून खोलगट झाली आहे. मी हातात धरून पाहिलं, ती जागा अंगठ्याखाली येत नाही, करंगळीकडे येते. आबाजी डावखुरे होते हे मला आज कळलं.